भावजींचं शास्त्र

"यांचं लग्न नाही झालं?" मुलाच्या वडिलांनी माझ्याकडे बोट दाखवत भावजींना विचारलं. मी भाचीच्या मुंडावळ्या बांधत होतो.

भावजी कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. घसा खाकरून म्हणाले, "त्याला पुरुष आवडतात. पण त्यालाही शास्त्रीय कारण आहे बरं का! असे पुरुष बहिणीची मुलं वाढवतात, म्हणजे घराण्याचा अंश पुढे जातोच. म्हणून तर उत्क्रांतीनं त्यांना ठेवलंय."

उत्क्रांतीचे उपकारच म्हणायचे! ताई गेली तेव्हा मृण्मयी चार वर्षांची होती. ती माझ्याकडे वाढली, कारण या गृहस्थांना बेडूक कापण्यातून सवड नव्हती. मी ज्याच्याबरोबर राहतो त्या अच्युतनं रोज तिच्या वेण्या घातल्या. त्याला आज आमंत्रण नाही. चारचौघांत बरं दिसत नाही म्हणे. या किळसेचं शास्त्रीय कारण मात्र भावजींनी कधी शोधलं नाही.

"मामांनी मुलीला घेऊन यावं," बाहेरून गुरुजींची हाक आली. मी पुढे झालो, तर भावजींनी माझा दंड धरला आणि एका चुलतमामांना पुढे केलं.

मृण्मयी पाटावरून हललीच नाही.

"बाबा, मला कांजिण्या आल्या तेव्हा मी कितवीत होते? तेवढं सांगा, मग जाते यांच्याबरोबर."

खोलीतले सगळे भावजींकडे बघू लागले.

भावजींनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं.