खल्ली

खैरुद्दीन आत आला आणि बोलणं थांबलं.

अलीमियाँच्या खोलीत चटईवर खजुराच्या बिया मांडल्या होत्या. एक बी म्हणजे एक खेळाडू. कोकणातल्या एकाच कॉलेजात फुटबॉल खेळलेली ही मंडळी नोकरीसाठी दुबईत आली, तरी त्यांच्या टीमचं नाव ‘कॉलेज’च राहिलं होतं. आजवर मागं दोन बॅक असायचे, खैरुद्दीन आणि हनीफ. यंदा, चौसष्ट साली, त्यांना कोच मिळाला. उस्ताद अदनान, अरबी शाळेतले इजिप्तचे मास्तर. त्यांनी नवी पद्धत काढली. मागं दोन नाही, चार.

जागा वाढल्या म्हणून खैरुद्दीननं खूश व्हायला हवं होतं. पण हाफमध्ये खेळणारे दोघं आता मागं येणार होते. शिवाय हनीफचा मेहुणा याकूब नुकताच मुंबईहून बोटीनं उतरला होता, नवेकोरे बूट घेऊन. जागा चार, दावेदार पाच. आणि पाचांत गुडघा दुखतो तो एकट्या खैरुद्दीनचा.

“बस ना खैरूभाय,” कॅप्टन अलीमियाँ म्हणाला. “डिफेन्सचंच डिस्कशन चाललंय.”

मग माझ्या येण्यानं जिभा का टाळूला चिकटल्या? खैरुद्दीननं बसता बसता एकेकाचं तोंड न्याहाळलं. याकूबनं जरा जास्तच वाकून सलाम केला. कानामागून आला आणि तिखट झाला.

उस्तादांनी चटईवरची एक बी उचलली, मुठीत धरली आणि हनीफला म्हणाले, “खल्ली खैरुद्दीन वरा.”

हनीफ कापडाच्या अरबी दुकानात कामाला होता, उस्तादांचं बोलणं तोच सगळ्यांना समजावून सांगायचा. तो हसला. सांगायला तोंड उघडणार, तोच खैरुद्दीन उठला.

“राहू दे. अरबी मलाही येतं,” म्हणत तो बाहेर पडला.

येत होतं, धक्क्यापुरतं. तिथं तो जहाजांतून उतरणाऱ्या गोण्या मोजायचा. कुजका कांदा निघाला की हमाल गोणीला लाथ मारून म्हणायचे, खल्ली वल्ली! सोड, मरू दे! आणि वरा म्हणजे मागं. खैरुद्दीनला मागं सोडा. एवढ्या हळकुंडावर माणूस पिवळा व्हायला वेळ लागत नाही.

कुणाला वाटेल, एका खेळापायी एवढं काय? पण धक्क्यावर त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. ‘ए हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानी, एवढंच. शुक्रवारी मैदानात मात्र तो खैरूभाय असायचा. तेवढ्या एका दिवसावर त्याचा आठवडा निघायचा. तोही आता याकूबच्या बुटांखाली गेला.

गुरुवारी दुपारी तो जीपगाडीत बसून शारजाला गेला. दुसऱ्या दिवशी मॅच तिथल्याच टीमशी होती. तिचा कॅप्टन दादमोहम्मद, बलुची, दिलदार माणूस. त्यानं चहा मागवला. खैरुद्दीननं त्याला सगळं सांगितलं. चार बॅक कसे उभे राहणार, कोण पुढं जाणार, कुठं फट पडणार.

“और याकूब का बायाँ पैर,” तो म्हणाला, “सिर्फ खड़े रहने के लिए है.”

दादमोहम्मद खो खो हसला. खैरुद्दीनही हसला. येताना त्याला हलकं वाटत होतं.

शुक्रवारी तो तमाशा बघायला म्हणून मैदानावर गेला, लुंगीतच. अलीमियाँ धावत आला.

“होतास कुठं? काल तुझ्या रूमवर दोनदा येऊन गेलो! यल्ला, कपडे बदल.”

“मला कशाला? मला तर मागं सोडलंत ना? खल्ली म्हणाले उस्ताद. ऐकलं मी.”

हनीफनं कपाळावर हात मारला. त्याच्या अंगात जर्सी नव्हती.

“अरे बाबा, खल्ली म्हणजे नुसतं सोड नव्हे. असू दे, ठेव, तेही खल्लीच! खैरुद्दीनला मागं ठेवा, म्हणाले उस्ताद. चौघांत सगळ्यात शेवटी. बाकी तिघं चुकले तरी निस्तरणारा भरवशाचा माणूस तिथं हवा. त्या जागेवर पळायलाही कमी लागतं, तुझ्या गुडघ्यासाठी बरं. तू आलास तेव्हा त्या गुडघ्याचंच चाललं होतं, म्हणून थांबलो. याकूबला घ्यायचं म्हणून बाहेर मी बसतोय.”

त्यानं जर्सी पुढं केली. खैरुद्दीननं ती घेतली. छातीवर हिरव्या दोऱ्यानं भरलेलं ‘कॉलेज’ त्याला नीट वाचता येईना. त्याला रडू येत होतं आणि पळून जावंसंही वाटत होतं.

तेवढ्यात समोरून दादमोहम्मद हात पसरून आला. सगळ्यांच्या देखत त्यानं खैरुद्दीनला मिठी मारली. मग त्याच्या हातातली जर्सी बघून तो चकित झाला.

“खैरूभाई, आप इनकी तरफ से खेलोगे?” तो म्हणाला. “हम तो आपके वास्ते हमारी जर्सी लाए थे.”