लष्कर मोहल्ल्यातला तलाव

लष्कर मोहल्ल्यातला पोहण्याचा जुना तलाव पाडून विजयनगरात नवा बांधायचा की नाही, यावर म्हैसूरच्या महापालिकेत मतदान चाललं होतं. नगरसेविका वनजाचा हात मात्र वर जाईना. त्याच तलावात तिच्या सासऱ्यांनी, महादेवरावांनी, अर्ध्या मोहल्ल्याला पोहायला शिकवलं होतं. आता तलावावरचं छप्पर खचलं होतं, पण त्यांचं मन कसं मोडायचं? तेवढ्यात प्रेक्षकांच्या बाकावरून तेच उठले. "वनजा, हात वर कर गं! छप्पर पोरांच्या डोक्यावर पडायला नको." कन्नड सभेत घरची मराठी ऐकून सगळे वळले. तिनं हात वर केला. ठराव मंजूर झाला. बाहेर पायऱ्यांवर महादेवराव हळूच म्हणाले, "विजयनगर लांब, अल्लवा? लांबच ना? माझं काय काम आता तिथं?" वनजानं त्यांचा हात धरला. "अय्यो मामंजी, घरात मलाच तेवढं अजून पोहता येत नाही. मला कोण शिकवणार?"