नांदेडचा दाता

"कोड वाचता येणारं कुणी सापडलं का, चाचा?" हेमांगीने विचारलं.

"पुण्यात एक सर होते. गेल्या वर्षीच वारले," इस्माईलचाचा म्हणाले.

दुर्मिळ रक्तगटाच्या दात्यांची राज्यभरातली यादी ही दोघं चिपळूणमधून सांभाळत. त्यासाठी आठ वर्षांपूर्वी हेमांगीने ॲप बनवणाऱ्या पाच साधनांतून एक निवडलं होतं, कारण नुसतं बोलून सांगितलं की ते ॲप बांधून देई. माहिती बाहेर कशी काढायची, हे विचारायचं तिला तेव्हा सुचलंच नाही. आता ते साधन आज पाच वाजता कायमचं बंद होणार होतं. नवी साधनं म्हणत होती, "जुनी यादी द्या, लगेच ॲप उभं करतो." जुनं मात्र एका वेळी एकच दाता दाखवत होतं; सगळी यादी एकदम काढायला त्याचा कोड वाचणारं कुणी हवं होतं, आणि तसं आता कुणी उरलं नव्हतं.

सकाळपासून दोघं नावं आणि नंबर वहीत उतरवत होती. एकोणीसशे दात्यांपैकी तीनशे अकरा झाले, कोकण आणि कोल्हापूर संपलं, आणि स्क्रीन कोरी झाली.

साडेपाचला नांदेडच्या इस्पितळातून फोन आला. एका बाळंतिणीला रक्त हवं होतं.

"इथे जवळ कुणी आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहेत," हेमांगी म्हणाली. "तुमच्याच गावात एक शिक्षक आहेत, दोनदा रक्त दिलंय त्यांनी. पण मला त्यांचं नाव आठवत नाहीये, डॉक्टर."

शाळा केव्हाच सुटल्या होत्या. तरी इस्माईलचाचांनी दुसरा फोन उचलला आणि नांदेडच्या पहिल्या शाळेचा नंबर लावला.