वाटीएवढा गळा

“समुद्रात काहीही टाकायचं नाही, काका. काहीही म्हणजे काहीही.”

मृणालिनीने रंगनाथच्या हातातला नारळ काढून घेतला आणि बोटीच्या चाकाशेजारच्या खणात ठेवून दिला. पहाटे अल रुवैसच्या धक्क्यावर त्याने त्या नारळाला कुंकू लावलं होतं. आज नारळी पौर्णिमा. रंगनाथ हर्णैचा कोळी. कतारात येऊन बोट चालवायला लागला म्हणून समुद्र काही परका झाला नव्हता.

“व्हेल शार्क तोंड उघडं ठेवून खातो,” ती म्हणाली. “जबडा दाराएवढा, पण आतला गळा वाटीएवढा. नको ते आत गेलं की अडकलं.”

रंगनाथला ते पटलं. पोरगी पुण्याची, समुद्रातल्या जिवांचंच शिकलेली. लोकांना व्हेल शार्क दाखवायला न्यायची आणि कल्ल्यांमागचे ठिपके बघून कोणता मासा गेल्या वर्षीही आला होता ते सांगायची. माशापासून तीन मीटर लांब राहायचं, इंजिन न्यूट्रलला टाकायचं, आवाज अजिबात करायचा नाही, हे त्याला तिनेच शिकवलं. त्याने खणातल्या नारळालाच हात जोडले आणि बोट सोडली.

दोन तासांनी तेलाच्या प्लॅटफॉर्मजवळ मासे दिसले. पाण्यावर ट्यूनाची अंडी पसरली होती आणि ती गिळत सात-आठ धुडं संथ फिरत होती. एकेक पंचवीस-तीस फुटांचं, करड्या पाठीवर पांढरे ठिपके. रंगनाथने इंजिन न्यूट्रलला टाकलं. इथे आलं की त्याला बोलावंसंच वाटत नसे.

बोलत होता तो श्रेयस. दोह्यातल्या एका जाहिरात कंपनीचा माणूस. वर्ल्ड कपला शंभर दिवस उरले म्हणून त्याला फिल्म काढायची होती आणि आजची बोट त्यानेच घेतली होती. त्याने बॅगेतून फुटबॉल काढला.

“मृणालिनी, कन्सेप्ट एकदम सिंपल आहे. माशाचं तोंड म्हणजे गोलपोस्ट. बॉल पाण्यावर, मासा तोंड उघडून येतो, कट. आत गेलाच पाहिजे असं नाही. गेला तर बेस्ट.”

“असं नाही करता येणार.”

“तुझ्या मालकांशी बोलणं झालंय माझं. विचार हवं तर.”

तिने सॅटेलाइट फोनवरून मालकाला विचारलं. बोलला मालकच. ती ‘येस सर, येस सर’ करत राहिली. फोन ठेवून परत आली तेव्हा तिने रंगनाथकडे पाहिलं नाही.

“एकच टेक,” ती म्हणाली. “आणि लगेच उचलायचा.”

रंगनाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवाचा नारळ चालत नाही, साहेबाचा बॉल चालतो. पण नारळ राहिला याचा राग नव्हता त्याला. सकाळी आपण हिचं खरं मानलं, याचा राग होता.

“ताई, गळा वाटीएवढा ना?” त्याने विचारलं.

“काका, प्लीज. तुम्ही बोट सांभाळा.”

श्रेयसने बॉल टाकला. पांढराशुभ्र बॉल डुलत डुलत माशांकडे निघाला. सगळ्यांत पुढचा मासा तोंड वासून सरळ त्याच्या रोखाने येत होता. त्याला कुठला वर्ल्ड कप ठाऊक? पाण्यावर दिसेल ते खायचं, एवढंच त्याला कळत होतं. दहा हात उरले, मग सहा. श्रेयसचा कॅमेरावाला कठड्यावरून वाकला.

“येऊ दे, येऊ दे,” श्रेयस पुटपुटत होता.

मृणालिनी तोंडावर हात ठेवून उभी होती. बॉल ओढून घ्यायची आकडीची काठी तिच्या पायाशीच पडलेली. तिने ती उचलली नाही.

रंगनाथने गियर न्यूट्रललाच ठेवला आणि इंजिन रेस केलं, पार शेवटपर्यंत. बोट थरथरली, काळा धूर सगळ्यांच्या तोंडावर आला. जे कधीच करायचं नाही म्हणून तिने शिकवलं होतं, नेमकं तेच त्याने केलं. पुढच्या माशाने तोंड मिटलं, तो एका अंगावर कलला आणि खाली गेला. त्याच्यामागून बाकीचेही गेले. बघता बघता समुद्र रिकामा झाला. राहिला फक्त बॉल.

श्रेयसचा चेहरा लालबुंद झाला. “ह्या माणसाचं आजपासून खलास. तू मालकांना सांगतेस की मी सांगू?”

“मी सांगते,” मृणालिनी म्हणाली.

रंगनाथने ते ऐकलं. त्याने बोट हळूच फिरवली आणि काठीने बॉल जवळ ओढला.

“अरे, राहू दे तो. बारा आणलेत,” श्रेयस म्हणाला.

रंगनाथने बॉल उचलला आणि निथळत्या बॉलसकट हात पुढे केला. श्रेयसने घेतला नाही, तेव्हा त्याच्या बुटांवरच ठेवून तो चाकाकडे परत आला.

जरा वेळाने मृणालिनी आली. तिने खण उघडला, नारळ काढला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला. तिचे डोळे भरले होते.

“काका, टाका. सण आहे आज. मी काही म्हणणार नाही.”

रंगनाथने नारळ घेतला, खणात ठेवला आणि खण लावून टाकला.

“नको ताई,” तो म्हणाला. “गळा सकाळएवढाच हाय.”