कर्ण्यातला आवाज

“बंद कर ते! हा आवाज माझा नाही.”

हॅरलन प्रुइटने काठी जमिनीवर आपटली. सॅन दिएगोच्या धक्क्याला बांधून ठेवलेल्या त्या जुन्या युद्धनौकेवर आता संग्रहालय होतं. समुद्रात उतरलेल्या अंतराळवीरांना हॅरलन ज्या हेलिकॉप्टरने उचलून आणायचा, ते नव्याने रंगवून तिथे मांडलं होतं. शेजारच्या कर्ण्यातून टेप वाजत होती. “चार फूट पुढे… जरा डावीकडे… बस. असंच धरा.” खाली पाटी होती, ‘वैमानिक प्रुइट यांचा आवाज’.

“सर, लोकांना फार आवडतं हो हे,” संग्रहालयातली कीली म्हणाली. “आणि हेलिकॉप्टर तुम्हीच चालवत होतात ना?”

“मग? मी काय स्वतःलाच हुकूम सोडत होतो?” हॅरलन लालबुंद झाला. “पोरी, मी चालवत होतो, बघत नव्हतो! वैमानिकाने खाली लाटांकडे बघितलं की तो लाटेबरोबर वाहवतो. मी नजर क्षितिजावर रोवून बसायचो. मागच्या उघड्या दारात पालथा पडून दोर सोडायचा तो ऑटिस ब्रूअर. त्याचं तोंड म्हणजे माझे डोळे. चंद्रावरून आलेली माणसं मी त्याच्या शब्दावर वर घेतली. तो एकदा जरी चुकला असता, तरी ती यानावर आपटून मेली असती. अन् त्याच्या आवाजावर तुम्ही माझं नाव ठोकता? तो मेला म्हणून? लाज नाही वाटत?”

“पाटी बदलायला समितीची बैठक…”

“मग बैठक होईपर्यंत टेप बंद! नाहीतर हा कर्णाच उपटतो मी.”

त्याने खरंच तारेला हात घातला. कीली घाबरून बटणाकडे धावली.

“नको गं बाई. बंद नको करूस.”

समोरच्या बाकावरून एक म्हातारी उठली होती. कागदात गुंडाळलेलं सँडविच घेऊन ती आठवड्यातून दोनदा तरी यायची, तासभर बसायची. कीलीला ती चेहऱ्याने ठाऊक होती. हॅरलनने मात्र तिला नावानिशी ओळखलं. ऑटिसची बायको, वर्डेल.

“अहो वर्डेल, तुमच्याच बाजूने भांडतोय मी! ह्या लोकांनी त्याचं नाव…”

“नाव आमच्या दारावर आहे, कॅप्टन,” ती हळूच म्हणाली. “आवाज तेवढा इथंच उरलाय.”