जमादारांच्या निरोपाचं जेवण

दरबारसिंग जमादारांसारखा करारी माणूस सातपुड्यानं पाहिला नाही, असं दरबारसिंगच सांगत. हरणाच्या शिकारीला गोऱ्या सरकारची बंदी, म्हणून जंगलखात्याच्या नोकरीत तीस वर्षं त्यांनी घरोघरच्या हंड्या हुंगल्या. निवृत्तीच्या दिवशी धडगावकरांनी जेवण दिलं. मटण रांधलं गावातल्या आमश्यानं. पहिल्याच घासाला जमादारांची मिशी थबकली. "हाई मटण कसानं शे?" "बोकड्यानं, दादा." "मुंडकं दखाड." "सकायलेच खाई टाकं." "कातडं?" आमश्यानं वाजणाऱ्या ढोलाकडे बोट केलं. ढोल लगेच थांबला. हरणाचं निघालं तर आमश्याला सहा महिने तुरुंग. "सूर्य बुडेपावत नोकरीवर शे," जमादार गुरगुरले आणि पुरावा तपासू लागले. फोड चावली, नळी चोखली, आमश्याकडे रोखून पाहिलं. खात्री पटेना, म्हणून पुन्हा वाढून घेतलं. अखेर सूर्य डोंगराआड गेला. जमादारांनी गोऱ्या सरकारचा पट्टा सोडला, मांडी सैल केली. "आमश्या, चिमूटभर मीठ दे रे."