कुंकवाचं उत्तर

"पिराजीराव, थांबलात का? उत्तर द्या," समितीच्या बाई म्हणाल्या.

पिराजी डफ धरून मंचावर उभा होता. समोर महादेवी. तिनं नुकताच कानडीतून सवाल टाकला होता. शिव मोठा म्हणतोस, तर शक्ती निघून गेल्यावर शिवाचं काय उरतं? शवच ना?

महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कलावंतांनी मिळून कार्यक्रम करावेत म्हणून सरकार अनुदान देणार होतं. निवड कोल्हापुरात होती. जोडीतली एक बाजू इकडची हवी, एक तिकडची. कलगी-तुऱ्याला त्यात नवीन काही नव्हतं. तुऱ्यावाले शिवाची बाजू गातात, कलगीवाले शक्तीची. गडहिंग्लजचा पिराजी मराठीत तुरा गायचा. त्याची बायको शालूबाई संकेश्वरकडची. ती कानडीत कलगी गायची. लग्न झालं तरी दोघांनी आपापली बाजू सोडली नाही. सामन्याच्या दिवशी ती त्याला जेवायला वाढायची, पण बोलायची नाही.

शालूबाई उन्हाळ्यात गेली. महादेवी तिची भाची, तिला आत्ती म्हणणारी, तिच्याच हाताखाली शिकलेली. अनुदान मिळालं तर कलगीचा फड टिकणार होता. नाही तर बाप तिला बेंगळुरूला कपड्याच्या कारखान्यात पाठवणार होता. सकाळी एसटीत ती म्हणाली होती, "मामा, जरा दमानं घ्या हं. आत्तीगत भांडायला मला येत न्हाय."

"तू निस्तं आत्तीचं गा," पिराजी म्हणाला होता. "माझं मी बघतो की."

तिनं आत्तीचंच गायलं. शालूबाईचा आवडता सवाल. त्याचं उत्तर पिराजीनं जन्मभर दिलं होतं. झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं. शिव नसेल तर शक्तीच्या कपाळाला कुंकू कुणाचं? आधी धनी, मग कुंकू. या ओळीवर लोक शिट्ट्या मारायचे. शालूबाई पदर खोचून पुढं यायची. घरी आल्यावर म्हणायची, "कुंकवाचा लई तोरा हाय न्हवं तुमाला? बघू की, कोण आधी जातंय."

पिराजीनं डफावर थाप मारली. 'शिव नसेल तर' इथवर आला आणि अडला.

तिला न्यायच्या आधी बायकांनी करंडा त्याच्या हातात दिला होता. "लावा," म्हणाल्या होत्या. "सवाशीण गेली. भाग्याची." त्यानं तिच्या कपाळाला कुंकू लावलं होतं. ते लेवून ती गेली. मागं तो राहिला.

"मामा, म्हणा की," महादेवी कुजबुजली. "तुमचं ठरलेलं हाय न्हवं?"

"दोन्ही बाजू पूर्ण झाल्याशिवाय आम्हाला निवड करता येत नाही," बाई म्हणाल्या. "काहीही म्हणा. आम्हाला चालेल."

"तुमाला चालंल ओ, बाई. हिच्या आत्तीला न्हाय चालायचं." पिराजीनं डफ खाली घेतला. "ह्याला उत्तर न्हाय. तिचंच खरं हाय."

उत्तर देता आलं नाही तर डफाला बांधलेला तुरा सोडून समोरच्याला द्यायचा, ही रीत. पिराजीनं तो कधी सोडला नव्हता. गाठ घट्ट बसली होती. दातानं सोडवावी लागली. त्यानं तुरा महादेवीच्या हातात ठेवला आणि तो मंचावरून उतरला.

तुरा सोडलेल्यानं पुन्हा गायचं नसतं. समितीला एवढंच दिसलं, की जोडीतली एक बाजू निघून गेली. बाईंनी पुढच्या फडाचं नाव पुकारलं.

महादेवी तुरा धरून तिथंच उभी होती.

"मामा," ती म्हणाली, "मला जिंकायचं न्हवतं ओ."